एका शब्दाचे मास्तर

पियदास सर मला शेवटपर्यंत ‘मिसेस वानखेडे’ म्हणत आले. बँकेतला मॅनेजरसुद्धा पहिल्याच भेटीत ‘अर्चना’ म्हणून मोकळा होतो अशा देशात, सहा वर्षांच्या ओळखीनंतरही त्यांनी मला कधी नावाने हाक मारली नाही. आणि ते ‘वानखेडे’ही त्यांच्या तोंडून ‘वानकेडे’ असं यायचं. ते श्रीलंकेचे, सिंहली बोलणारे. आमच्या लिपीत ‘ख’ आहे, पण आमच्या जिभेने तो कधीच सोडून दिला, असं त्यांनी पहिल्याच दिवशी मला सांगितलं. मग फळ्यावर त्यांच्या गोल गोल अक्षरांत माझं आडनाव लिहिलं, त्यातला ‘ख’ अगदी बरोबर काढला, आणि म्हणाले, निदान कागदावर तरी तुमच्यावर अन्याय होणार नाही.

ही गोष्ट नॉर्थ कॅरोलायनातल्या कॅरी गावची. २००२ साली लग्न करून मी नागपूरहून तिथे आले. मिलिंद, माझा नवरा, एका सॉफ्टवेअर कंपनीत होता, आणि मी त्याच्या व्हिसावर आलेली, म्हणजे नोकरी करायला बंदी. नागपुरात मी कॉलेजमध्ये केमिस्ट्री शिकवायचे. इथे सकाळी साडेआठला मिलिंदची गाडी निघून गेली की अपार्टमेंट, समोरची पाइनची झाडं आणि मी. ड्रायव्हिंग येत नव्हतं. पायी जाण्यासारखी एकच जागा होती ती लायब्ररी, पंचवीस मिनिटांवर. तिथे दर मंगळवारी दहा वाजता परदेशी लोकांसाठी इंग्रजी संभाषणाचा वर्ग भरायचा. मला इंग्रजी येत होतं. पण घराबाहेर पडायला काहीतरी कारण हवं होतं.

वर्ग घेणारे स्वयंसेवक आळीपाळीने बदलत. कुणी बँकेत कसं बोलायचं ते शिकवी, कुणी डॉक्टरची अपॉइंटमेंट कशी घ्यायची ते. सरांची पाळी आली की ते एकच विषय घेत. लहानखुरा, काळासावळा, सत्तरीचा माणूस. पांढरा शर्ट गळ्यापर्यंत बटणं लावलेला. थंडीत त्यावर एक स्वेटर, आणि जास्त थंडीत त्याच्यावर दुसरा. कोट घालत नसत, कारण कोट घातलेला माणूस निघायच्या तयारीत दिसतो, असं त्यांचं मत होतं. बूट मात्र असे चकचकीत की खाली बघताना आपल्याच चपलांची लाज वाटावी. आत आले की सगळ्यांना गुड मॉर्निंग म्हणत, आणि सगळ्यांनी उलट म्हणेपर्यंत उभे राहत. मग फळ्याच्या मधोमध चार अक्षरं लिहीत. पी, ए, एस, एस. पास.

मी गेले त्या दिवशीही तोच शब्द होता, पुढच्या वेळीही तोच, आणि नाताळच्या सुट्टीनंतरही तोच. लायब्ररीतल्या कॅरलबाई हा वर्ग बघायच्या. त्यांनी एकदा हळूच विचारलं, मिस्टर पियदास, दुसरा एखादा शब्द घेतला तर? सर म्हणाले, जरूर, हा संपला की लगेच.

चौतीस वर्षं त्यांनी मातले गावच्या शाळेत इंग्रजी शिकवलं होतं. त्यांचं म्हणणं असं की अवघड शब्द माणसाचं नुकसान करत नाहीत. अवघड शब्द आला की माणूस थांबतो, विचारतो, डिक्शनरी उघडतो. घात करतो तो सोपा शब्द, कारण तो आपल्याला येतो अशी आपली खात्री असते.

त्यांच्याकडे एक जाड वही होती. डाव्या पानावर इंग्रजी वाक्य, उजव्या पानावर त्याला सिंहलीत काय म्हणायचं ते. परीक्षा पास होणं म्हणजे समत्. ‘समर्थ’वरून आलेला, त्यामुळे मला तो लगेच कळला. पार्लमेंटमध्ये कायदा पास होतो तो सम्मत होतो. हे तर आमचंच, मी म्हणाले, आणि सर खूष झाले. वेळ पास होतो तो गत. रस्त्यात एखादं दुकान मागे टाकून पुढे गेलो तर पसु करनवा. डोंगरातून पलीकडे जायची जी खिंड, तिला कपोल्ल. जेवताना मीठ पास करा म्हटलं तर सरळ ‘द्या’. चक्कर येऊन कुणी ‘पास आउट’ झालं तर त्याची शुद्ध नाहीशी झाली. एवढ्या सगळ्या कामांना इंग्रज एकच नोकर ठेवतो, सर म्हणत, आमच्याकडे प्रत्येकाला वेगळा माणूस आहे.

आणि खुद्द ‘पस’ हा शब्द त्यांच्या भाषेत होताच. त्याचा अर्थ माती.

मग वहीत तिसरा रकाना आला, आमच्या भाषांचा. रोसा नावाची एक मेक्सिकन बाई वर्गाला यायची. पहाटे बेकरीत काम करून तिथूनच थेट, हाताला मैद्याचा वास. ती म्हणाली, आमच्याकडे कुणी दारात आलं की आम्ही ‘पासे, पासे’ म्हणतो, म्हणजे आत या. सरांनी ते लिहून घेतलं, आणि पुढच्या मंगळवारी तिच्यासाठी दार उघडून धरत म्हणाले, पासे, सेन्योरा. मी त्यांना ‘टाइमपास’ दिला. त्यावर त्यांनी अर्धा तास चौकशी केली. शेंगदाणे खाणं टाइमपास असेल तर जेवणं का नाही? पिक्चर टाइमपास असू शकतो, मग देवळात जाणं? नागपुरात मी ज्या शब्दाकडे कधी वळूनही पाहिलं नव्हतं, त्याचं मला व्याकरण सांगावं लागलं. केमिस्ट्री शिकवतानासुद्धा एवढी तयारी केली नव्हती.

चुका जमवायचीही त्यांना हौस होती, आणि स्वतःच्या आधी. एप्रिलमध्ये त्यांचं नवीन वर्ष असतं. तेव्हा ते कोकिस नावाचा पदार्थ घेऊन आले. तांदळाच्या पिठाचा, नारळाच्या दुधातला, साच्यात बुडवून तळलेला, फुलासारखा. कॅरलबाईंसमोर ताट धरलं. त्या म्हणाल्या, आय विल पास. सरांनी मान डोलावली आणि त्या ताट पुढे देतील म्हणून वाट पाहत उभे राहिले. त्या हसत राहिल्या, हेही हसत राहिले. शेवटी रोसाने मधेच हात घालून दोन कोकिस उचलले. ते वाक्य त्या दिवशी वहीत गेलं: नको, आभारी आहे. मीही मग घरची चूक दिली. मिलिंदने ऑफिसात सांगितलं होतं की मी नागपुरातून सत्याण्णव साली पास आउट झालो, आणि शेजारच्या टेबलावरच्या माणसाने काळजीने विचारलं होतं, मग डॉक्टरला दाखवलं का? सर हसले नाहीत. म्हणाले, तुमच्या मिस्टरांचं चुकलं नाही. आमच्याकडेही पास आउट म्हणजे पदवी घेऊन बाहेर पडणं. ज्याची चूक नाही त्याला हसू नये.

एकाच शब्दापाशी हा माणूस का अडून बसला आहे, हे मला वर्षभर कळलं नाही. मास्तरांचा लहरीपणा, असं मी धरून चालले होते. मिलिंदला गंमत म्हणून सांगायचे.

पुढच्या वसंतात मला लायसन्स मिळालं. पाइनच्या परागांनी सगळ्या गाड्या पिवळ्या झालेल्या होत्या. सर त्यांच्या मुलीकडे, निलंतीकडे राहत. ती एका औषधाच्या कंपनीत संशोधक होती, घटस्फोटित, आणि कामात बुडालेली. सरांना मागच्या अंगणात वांगी आणि मिरच्या लावायच्या होत्या, आणि तिथली माती म्हणजे लाल चिकणमाती, ओली असताना बुटाला सोडत नाही आणि वाळली की विटेसारखी. त्यांना गावाबाहेरच्या नर्सरीतून खत-मातीची पोती आणायची होती. मी म्हणाले, मी नेते. नवीन लायसन्स, नवा उत्साह.

रस्ता दुपदरी होता, दोन्ही बाजूला झाडं. एका वळणानंतर पाटी लागली: पास विथ केअर. सरांनी मला विचारलं, हे मराठीत सांगा. मी म्हणाले, जपून पुढे जा. त्यांनी मान हलवली आणि खिडकीबाहेर बघत राहिले. नर्सरीच्या पार्किंगमध्ये मी गाडी बंद केली, तरी ते उतरले नाहीत. आणि मग त्यांनी मला लीलाबद्दल सांगितलं. लीला म्हणजे त्यांची बायको.

दोघं २००० साली मुलीकडे आले. दुसऱ्या वर्षी हिवाळ्यात लीलाबाईंना अर्धांगाचा झटका आला. हॉस्पिटलमध्ये चार दिवस गेले. चौथ्या संध्याकाळी नर्सने सरांना सांगितलं की उद्या सकाळी यांची गिळण्याची परीक्षा घेणार, त्यात पास झाल्या तर तोंडाने खायला देता येईल. सर घरी आले. निलंती कामासाठी बोस्टनला गेलेली, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परतायची होती. त्या आधी सकाळीच फोन वाजला. पलीकडे नेहमीची नर्स नव्हती, दुसरीच कुणीतरी, तरुण आवाज. ती म्हणाली, मिस्टर पियदास, आय अॅम कॉलिंग अबाउट युअर वाइफ. शी पास्ड धिस मॉर्निंग.

“मी तिला थँक यू म्हणालो,” सर मला म्हणाले. “म्हणालो, ही फार चांगली बातमी दिलीत.”

ती पोरगी म्हणाली, तुम्ही या, इथे कुणीतरी तुम्हाला भेटेल. सरांना वाटलं, डॉक्टर भेटून पथ्य सांगतील. त्यांनी श्रीलंकेत, कँडीला, लीलाबाईंच्या भावाला फोन लावला, बहीण पास झाली म्हणून सांगितलं. भावाने तिकडे घरातल्या सगळ्यांना हाका मारल्या. मग सरांनी तांदळाची पातळ पेज केली, लसूण घालून, लीलाबाईंना आवडायची तशी. थर्मासमध्ये भरली, टॅक्सी बोलावली आणि गेले. खोलीत पलंग नव्याने आवरलेला होता. दुसऱ्या खोलीत हलवलं असेल असं समजून ते बाकावर थर्मास मांडीवर घेऊन बसून राहिले. वीस मिनिटांनी एक बाई आली, त्यांच्या शेजारी बसली, आणि तिने त्यांचा हात धरला तेव्हा त्यांना कळलं.

“पास्ड अवे म्हणाली असती तर मला कळलं असतं,” ते म्हणाले. “ते मी चौतीस वर्षं शिकवलं होतं. इथे ‘अवे’ गाळतात, हे मला माहीत नव्हतं.”

त्या दिवशी त्यांना कँडीला दुसरा फोन करावा लागला. भावाला वाटलं, आता लीलाच बोलणार.

सांगताना त्यांचा आवाज कुठे हलला नाही. वर्गात एखादा नियम सांगावा तसं सांगत होते. मी गाडीतून उतरले आणि ट्रॉली आणायला गेले. पोती मीच चढवली. त्यांनी हात लावायचा प्रयत्न केला, पण मी ऐकलं नाही. परत येताना त्यांनी विचारलं, मिसेस वानकेडे, मराठीत माणूस मरतो तेव्हा काय काय म्हणतात?

मी सांगू लागले आणि मलाच आश्चर्य वाटलं. गेले. वारले. निवर्तले. देवाघरी गेले. कैलासवासी झाले. पत्रात वेगळं, पेपरात वेगळं. आमच्या कॉलेजातली पोरं तर ‘ऑफ झाला’ म्हणायची. सरांनीही त्यांचे सांगितले. साध्या माणसाला मिय गिया. बौद्ध भिक्षू असेल तर त्याचा शब्दच निराळा, अपवत् झाले. नॅति वुणा म्हणजे नाहीसा झाला. घराची किल्ली हरवली तरी तेच म्हणतात आणि बाप वारला तरी तेच. म्हणजे लपवायची खोड एकट्या इंग्रजांची नाही, ते म्हणाले. मग त्यांनी एक प्रश्न विचारला. फोन खराब आहे, ऐकणारा घाबरलेला आहे, आणि त्याला एकदाच ऐकू येणार आहे. अशा वेळी तुमच्या भाषेत यातला कोणता शब्द चालेल? ‘गेले’ चालणार नाही, मी म्हणाले, गेले म्हणजे कुठेही गेले. शेवटी मी म्हणाले, वारले. त्यांनी मला तो दोनदा उच्चारायला लावला.

हे सगळं मनात घेऊन दुसरा कुणी गप्प बसला असता, किंवा वकिलाकडे गेला असता. निलंतीने वकिलाचं सुचवलंही होतं. सर हॉस्पिटलमध्ये गेले ते वही घेऊन. पेशंटच्या तक्रारी घेणाऱ्या खिडकीवर त्यांना फॉर्म मिळाला. त्यांनी तो कोराच परत दिला आणि सांगितलं की माझी तक्रार नाही, मला शिकवायचं आहे. त्यासाठी त्यांच्याकडे फॉर्मच नव्हता. ते पुन्हा गेले. तिसऱ्यांदा गेले तेव्हा खिडकीतली बाई त्यांना नावाने ओळखायला लागली होती. दर वेळी बूट चकचकीत, दर वेळी आवाज खाली. त्या तरुण नर्सचं नाव त्यांनी कधी विचारलं नाही, आणि कुणी सांगू लागलं तर हात वर करून थांबवत. वर्षभर असं चालल्यावर नर्सिंगची प्रमुख, एक उंच, पिकल्या केसांची बाई, त्यांना भेटली. तिने उभ्याउभ्या वही चाळली, मग खुर्ची ओढून बसली आणि शेवटपर्यंत वाचली. नव्या नर्सेसच्या प्रशिक्षणात तिने त्यांना पंधरा मिनिटं दिली.

त्या दिवशी मी त्यांना घेऊन गेले होते, म्हणून मागच्या रांगेत बसायला मिळालं. तळघरातली खोली, वीसेक मुली आणि तीन मुलगे, हातात कॉफीचे कप. सरांनी गुड मॉर्निंग म्हटलं आणि सगळ्यांनी उलट म्हणेपर्यंत थांबले. स्वतःची हकिगत त्यांनी चार वाक्यांत सांगितली. पेजेचं सांगितलं नाही, दुसऱ्या फोनचंही नाही. मग फळ्यावर तो शब्द लिहिला, त्याच्याभोवती सगळे अर्थ काढले, आणि म्हणाले, समोरच्या माणसाने यातला कोणता उचलावा हे तुम्ही त्याच्यावर सोडता आहात. आता प्रत्येकाने उभं राहून म्हणा: युअर वाइफ हॅज डाइड.

कुणी उठेना. शेवटी पहिल्या रांगेतली एक मुलगी उभी राहिली, तोंड उघडलं, आणि खाली बसली. म्हणाली, असं म्हणणं फार कठोर वाटतं, सर.

“कठोर बातमी आहे,” सर म्हणाले. “ती तुम्ही मऊ केलीत तर कठोर भाग मला एकट्याला, बाकावर बसून शोधावा लागतो. तुम्ही शेजारी असताना मला तो सापडू द्या.”

ती मुलगी पुन्हा उभी राहिली आणि तिने ते वाक्य म्हटलं. मग एकेक जण उठला. एकाला तीनदा म्हणायला लागलं. तीन मुलग्यांपैकी एक म्हणता म्हणता रडला, त्याची आजी नुकतीच वारली होती. सर त्याच्यापाशी जाऊन उभे राहिले, पण त्याला सूट दिली नाही. पंधरा मिनिटांची चाळीस झाली आणि कुणी घड्याळ दाखवलं नाही. पुढे दर सहा महिन्यांनी त्यांना बोलावणं येऊ लागलं. ते गेले आणि प्रत्येक वेळी तेच शिकवलं.

मीही तोवर त्याच हॉस्पिटलात दुभाषी म्हणून स्वयंसेवा करायला लागले होते. पगार घेता येत नव्हता, पण काम तर होतं. आपल्या लोकांचे आईवडील सहा महिन्यांसाठी यायचे, आजारी पडायचे. हिंदी आणि मराठी दोन्हींसाठी मला बोलवत. छातीत दुखतं की जळजळतं, चक्कर येते की अंधारी, असले फरक मी डॉक्टरांना समजावून सांगायचे आणि मला ते चांगलं जमायचं.

२००५ च्या ऑक्टोबरात मिलिंदच्या ऑफिसातल्या नितीनचे वडील अॅडमिट झाले. नितीन कंपनीच्या कामाला कॅलिफोर्नियात होता, तो विमानात बसलेला. त्याची बायको घरी तान्ह्या बाळाजवळ. हॉस्पिटलात नितीनची आई, सुलभाकाकू, एकट्या. काकांना सकाळी स्कॅनला नेलं होतं. काकू कॉरिडॉरमध्ये बसून होत्या, मी शेजारी. त्या मला त्यांच्या साताऱ्याच्या घराला दिलेल्या नव्या रंगाबद्दल सांगत होत्या. डॉक्टर आणि एक नर्स आमच्याकडे चालत आले. डॉक्टर बोलायला लागले. काकांचं हृदय कसं बंद पडलं, त्यांनी काय काय केलं, किती वेळ केलं. मग ते थांबले. नर्सने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, ही हॅज डाइड.

मला काकूंना सांगायचं होतं. काकू माझ्या तोंडाकडे बघत होत्या. पहिला शब्द तोंडात आला तो ‘गेले’. काका गेले. पण काका सकाळीच गेले होते, स्कॅनला, आणि ते परत यायची त्या वाट बघत होत्या. मी त्यांचे दोन्ही हात धरले.

“काकू, काका वारले. आत्ता, थोड्या वेळापूर्वी. त्यांचा मृत्यू झाला.”

काकूंनी दोन-तीनदा मान हलवली. मग विचारलं, “एकटेच होते?” मी डॉक्टरांना विचारलं. नाही, पाच माणसं होती, एकीने त्यांचा हात धरला होता. ते मी काकूंना सांगितलं. तेव्हा त्या रडल्या. मग मी त्यांना आत घेऊन गेले.

नितीन विमानातून उतरला तेव्हा त्याला सांगणारी माणसं अडखळत होती. तुझे बाबा जरा सिरियस आहेत, तू ये. काकूंनी फोन स्वतःच्या हातात घेतला आणि त्याला स्पष्ट सांगितलं. महिन्याने त्या भारतात परत जाताना माझ्याकडे आल्या. साताऱ्याला त्यांच्या सासूबाई वारल्या होत्या तेव्हा काकूंना ‘बरं नाही’ एवढंच सांगून बोलावून घेतलं होतं, त्या दोन दिवसांच्या गाडीच्या प्रवासाचा राग त्यांच्या मनात तीस वर्षं होता. तू मला वेड्यात काढलं नाहीस, एवढंच त्या म्हणाल्या.

सरांना मी हे मंगळवारी वर्ग संपल्यावर सांगितलं. खुर्च्या लावत होते ते. सगळं ऐकून घेतलं, आणि त्यांनी एकच प्रश्न विचारला: कोणता शब्द वापरलात? मी सांगितला. त्यांनी माझ्यासाठी खुर्ची पुढे केली, मला बसवलं, आणि स्वतः जाऊन मशीनमधला तो पाणचट चहा माझ्यासाठी घेऊन आले. सहा वर्षांत त्यांनी माझी अशी सरबराई एवढीच एकदा केली.

२००७ मध्ये आमचं ग्रीन कार्ड झालं आणि हॉस्पिटलने मला पगारी दुभाषी म्हणून घेतलं. अर्जात शिफारस कोणाची, या रकान्यात मी सरांचं नाव लिहिलं. त्यांनी शिफारसपत्र हाताने लिहिलं, दोन परिच्छेद, आणि त्यात ‘पास’ हा शब्द एकदाही नव्हता. मी मुद्दाम शोधला.

पुढच्या वर्षी त्यांनी परत जायचं ठरवलं. निलंतीला ते पटत नव्हतं. वय पंचाहत्तर, बीपी, तिकडे बघणारं कोण? सरांनी तिला सांगितलं की कँडीचा मेहुणा आता एकटा आहे आणि त्याच्या घरात वरची खोली रिकामी आहे. त्या दोन फोननंतर ते दोघे भेटलेच नव्हते. फोनवर बोलत, पण हवापाण्याचं. शिवाय गावच्या शाळेत इंग्रजीला मास्तर नव्हता. दोन्ही कारणं खरी होती आणि कोणतं मोठं ते त्यांनी सांगितलं नाही. वहीच्या झेरॉक्स करून एक हॉस्पिटलला दिली, एक लायब्ररीला. कॅरलबाईंनी ती डिक्शनऱ्यांच्या कपाटात ठेवली.

जूनमधल्या एका दुपारी निलंती आणि मी त्यांना विमानतळावर सोडायला गेलो. निलंतीने त्यांच्यासाठी व्हीलचेअर सांगून ठेवली होती, मधे दोन विमानं बदलायची होती म्हणून. ती घेऊन एक मध्यमवयीन, अंगाने भारी माणूस आला आणि सरांना बसा म्हणाला. सरांनी त्याच्याशी हस्तांदोलन केलं, त्याचं आडनाव विचारलं. मग निलंतीच्या डोक्यावर हात ठेवला आणि तिला सिंहलीत काहीतरी सांगितलं, ते मला कळलं नाही. मला वाकून नमस्कार करू दिला नाही. मिसेस वानकेडे, म्हणाले, मंगळवारी वर्गाला उशीर करू नका. तो वर्ग आता माझा होता.

मग त्यांनी आपली बॅग उचलून व्हीलचेअरवर ठेवली, तिच्यावर छत्री आडवी ठेवली, आणि चालायला लागले. तो माणूस नुसती बॅग ठेवलेली खुर्ची ढकलत त्यांच्या बाजूने निघाला. सर झपझप चालत होते. त्या माणसाला पावलं लांब टाकावी लागत होती. तो काहीतरी सांगत होता, सर मान तिरकी करून ऐकत होते, आणि मग कोपऱ्यावर दोघेही वळले.

“पाय दुखतात म्हणाले होते मला,” निलंती म्हणाली.